रा. रा. तीन

आबांची नोकरी दगडांशी होती.
पी.डब्ल्यू.डी., ग्वाल्हेर डिव्हिजन, पेंटर तुकोजी इंगळे.
डोकं पिवळं, अंग पांढरं, अक्षर काळं.
आग्र्याहून मुंबईला निघालेला रस्ता
आमच्या लष्करच्या कडेनं जायचा
आणि त्याचा नंबर होता तीन.

दगडावर हिंदीत लिहायचं असे: रा. रा. ३.
म्हणजे राष्ट्रीय राजमार्ग.
आबा संध्याकाळी टर्पेंटाइननं बोटं पुसत सांगायचे,
आज रा. रा. तीन यांना घाटीगावपर्यंत नवे कपडे केले.
जणू पत्राच्या मायन्यातले कुणी मानकरी,
ज्यांना कृ. सा. न. वि. वि. घातल्याशिवाय
हवापाण्याचंही विचारता येत नाही.

तीनचा आकडा ते कुंचला न उचलता काढत.
वरचं पोट लहान, खालचं जरा जेवलेलं,
आणि शेपूट अशी
की धावत्या ट्रकमधून वाटावं,
दगडानं हात केला.

मग दिल्लीहून कागद आला.
आबा तेव्हा पेन्शनीत, मोतीबिंदूचा एक डोळा उघडून झालेला.
गावाच्या एका टोकाला चव्वेचाळीस, दुसऱ्या टोकाला शेहेचाळीस.
पनिहारजवळ, जिथं शिवपुरी नव्वद राहते,
तिथल्या दगडावर कुणीतरी नुसता चुना फासला.
खाली तीन तसाच.
ढाब्याचा पोऱ्या त्यावर सुरी घासतो.

दोन-तीन वर्षं आबा या विषयावर बोलले नाहीत.
शेहेचाळीसला ते शेहेचाळीस म्हणत नसत,
"तो नवा" म्हणत.

रेवती, माझी भाची, सीमेवरच्या रस्त्यांची इंजिनिअर.
एका जानेवारीत तिचा फोन आला केलाँगहून,
मध्ये मध्ये तुटणारा.
आजोबा, तुमचा तीन इकडे आहे.
अटारीहून निघतो, मनालीवरून चढतो, लेहला थांबतो.
तिनं नियम समजावला:
आडवे रस्ते विषम, उभे रस्ते सम.
आडव्यांची मोजणी वरून, अगदी उत्तरेतून सुरू,
म्हणून सगळ्यात लहान आकडे
सगळ्यात थंडीत.

आबा बराच वेळ ऐकत राहिले.
मग म्हणाले, म्हणजे काढून नाही टाकला.
बदली झाली.

आणि लगेच, सरकारी माणसाच्या काळजीनं:
क्वार्टर मिळालंय का त्याला?

ती हसली. म्हणाली, सहा महिने बर्फाखाली असतो.
तेव्हा नंबर दिसत नाही, दगडच दिसत नाही.
दुमक्याहून आलेली पोरं बांबू रोवून ठेवतात,
रस्ता कुठं होता ते कळावं म्हणून.
आणि नकाशात ज्यांना नाव नाही त्या वळणांना
त्यांनीच नावं दिलीत:
सुकुमारची चप्पल, दोन डबे, मामीचा नाला.
कागदावर किलोमीटर एवढा पॉइंट एवढा,
पण वायरलेसवर सगळे म्हणतात,
दोन डब्यांपाशी कडा सुटलाय.

उन्हाळ्यात तिनं फोटो पाठवला.
बोडका डोंगर, निळं आभाळ, पिवळ्या डोक्याचा दगड.
आबांनी मोबाइल डोळ्याला लावला,
दूर धरला, परत लावला.
मी वाट पाहत होते, काहीतरी मोठं बोलतील.

पोट वर आलंय, म्हणाले.
कोणी काढलाय हा? घाईत काढलाय.
तिला फोन लाव.

मग त्या दुपारी, लष्करच्या गच्चीवर,
एका हातात फोन, दुसऱ्या हाताचं बोट हवेत,
आबा दुमक्याच्या कुण्या बुधन मुर्मूला
ग्वाल्हेरी हिंदीत शिकवत होते:
ऊपर छोटा रखो. हां. अब साँस रोको.
नीचे आने दो, आने दो,
अभी ब्रश मत उठाना.

तिकडून वाऱ्याचा आवाज येत होता.
बाकी काही नाही.
आबांचं बोट मात्र
शेपटीपाशी थांबलेलं होतं, हवेतच.