डावी बाजू

विश्राम गिरपाने काउंटरवर पेनड्राइव्ह ठेवला,
टोपणाला माशाचा एक खवला चिकटलेला.
"अठरा गाणी घेतलंय, एक वाजात तर शप्पत."

उघडून पाहिलं. अठराच्या अठरा होती,
ट्रॅक एक, ट्रॅक दोन, शहाण्यासारखी ओळीत,
वजन प्रत्येकी एक केबी.
भाच्याने सीडीतून उचलून तशीच टाकलेली.
म्हटलं, तात्या, ही गाणी नव्हेत, नुसते पत्ते.
घर राहिलं सीडीतच.
"मगे घर आणूक व्हया," म्हणाला,
आणि दुसऱ्या दिवशी लग्नपत्रिकेच्या पाकिटातून
घर घेऊन आला.

डबलबारीचं भजन, जत्रेतलं.
मार्करने लिहिलेलं साल, दोन हजार चार,
त्यातला चार खाऱ्या हवेने अर्धा खाल्लेला.
पखवाजावर म्हादेव, विश्रामचा थोरला.

ड्राइव्ह घरघरली. सहा गाणी सरळ आली,
सातव्याला लागली कुथायला.
सीडी काढली, बनियनच्या तुकड्याने पुसली
मधून कडेकडे, गोल कधीच नाही
(एवढं एक शास्त्र मला येतं).
वेग कमी केला. पुन्हा घातली.
बाहेर बंदरावर लिलाव सुरू झाला, संपला,
बर्फाची गाडी येऊन रिकामी होऊन गेली,
टक्के त्र्याण्णववरच बसून.
शेवटी आलं. मधे एक मात्रा मात्र नाही,
तिथे नुसतं कोरं.

विचारलं, फाइल बारीक करू की जाड?
बारीक केली तर जास्त मावतील.
"जाड कर. सुरमयची तुकडी कापतत तशी."

नावं मराठीत दिली तर प्लेअरच्या पट्टीवर
नुसते चौकोन उमटतात, ओळीने, रिकामे.
म्हणून इंग्रजी अक्षरांत लिहिलं म्हादेव,
त्यातला ह कुठे घालावा ते न कळून
दोनदा खोडलं.

दाभोसवाड्याला मीच गेलो द्यायला.
म्हादेव पडवीत, प्लास्टिकच्या खुर्चीत,
डावा हात मांडीवर
कुणी सांभाळायला दिल्यासारखा.

लावलं. बुवाचा आवाज, झांजा, कोरस,
पहिल्या रांगेत कुणीतरी खोकलेला.
आणि पखवाज: टिक, टिक, तिट,
उंदीर पत्र्यावरून गेल्यासारखा.
दोन आवर्तनं तो ऐकत राहिला,
मग म्हणाला, जीभ अजून जडच,
"हेच्यापण अंगावरसून वारो गेलो रे.
डावी खय आसा?"
कुणी हसेना. मग तोच हसला, अर्ध्या तोंडाने.

मी सांगायला लागलो: फाइलमधे सगळं आहे,
कणीक लावलेली बाजू आहे, तिचा घुमारा आहे,
पण ह्या डबीचा स्पीकर रुपयाएवढा,
त्याला जाड आवाज ढकलत नाही.
त्याने मान हलवली, हळू.
"म्हणजे आसा. भायर येना नाय."

मी गप्प.

वहिनी आत गेल्या, रिकामी कळशी घेऊन आल्या,
प्लेअर तिच्यात सोडला दोरीने, विहिरीत सोडावा तसा.
आणि कळशीच्या पोटातून आली
धूम. चामड्याची नव्हे, तांब्याची,
जरा उशिरा पोचणारी,
पण धूम.
"खोटी आसा," म्हादेव म्हणाला. "ऱ्हवांदे."

मग सातवं लागलं.
उजव्या हाताची बोटं खुर्चीवर चालत होती,
कोऱ्या जागेशी थबकली, डोळे मोठे झाले.
"थांब! मागे घे."
कळशीतून ओढून काढला, मागे घेतलं, पुन्हा सोडला.
पुन्हा तेच कोरं.
"थयसर मी चुकाक नाय. कोणाक इचार.
समोरचो बुवा उठान उभो ऱ्हवलेलो.
लिवन ठेव तू."

विश्रामने निघताना चार बांगडे दिले, पिशवीत बर्फासकट.
दुकानात आल्यावर आधी ते फ्रीजमधे टाकले,
मग माझ्याकडच्या प्रतीत सातव्या फाइलचं नाव बदललं,
मराठीतच, चौकोन तर चौकोन:
सात, सीडीवर ओरखडा, म्हादेव बरोबर.