पाव चमचा

तिसऱ्या दिवशीही वाळूची पाटी कोरडी निघाली
तेव्हा कॅलेंडरवर फुली मारली,
दुधाच्या खाड्यांच्या शेजारी.
सटवी पाटीत जाऊन बसायची मात्र,
पाठीची कमान करून, कान मागे,
आणि समोरच्या भिंतीकडे असं बघायची
जसं भिंत तिचं देणं लागते.
मग रिकाम्या जागेवरच वाळू ओढायची.
रीत म्हणजे रीत.

(नाव यांनीच ठेवलं होतं, शिवी म्हणून.
तिनं ते अंगाला लावून घेतलं नाही,
हाक मारली की यायची.)

पद्मावतीच्या केंजळे डॉक्टरांनी पोट चाचपलं,
फोटो काढून उजेडावर धरला:
मणके, बरगड्या, आणि त्यांच्याखाली
ओळीनं खोळंबलेल्या पांढऱ्या गोट्या,
स्वारगेटच्या सिग्नलला लागलेल्या पीएमटीसारख्या.
"पाणी पिते?"
"नळ सोडला की बघते फक्त."
एनिमा तिनं सोसला, बिल मी सोसलं,
तोंडं दोघींची सारखीच.
"आता चोथा," डॉक्टर म्हणाल्या. "रोज, पण थोडाच.
लाल भोपळा उकडून. मीठ नको, फोडणी नको.
नाहीतर इसबगोल, पाव चमचा, ओल्या खाण्यात कालवून.
आणि पाणी हवंच.
पाण्याशिवाय चोथा म्हणजे आत सिमेंट."

मंडईत शितोळेबाईंकडे मागितली
भोपळ्याची एवढीशी फोड.
"एवढ्याशात घारगे व्हायचे?"
"मांजरीला पाहिजे. तिला होत नाहीये."
चाकू थांबला. पैसे घेतले नाहीत.
"आमच्या सासऱ्याचंबी हेच होतं बघा," म्हणाल्या,
आणि पलीकडच्या बाईला दुधी दाखवायला लागल्या.

भोपळा सटवीनं हुंगला,
आणि बशीभोवतीची फरशी पंजानं ओढून ओढून
बशी झाकायला लागली,
जशी पाटी झाकते.
अभिप्राय पोचला.

म्हणून वरच्या फळीवरचा तो डबा काढला.
एकतीस वर्षं पाणीखात्यात हा माणूस,
पहाटे चारला सायकलवर, कॅरिअरला लोखंडी चावी.
ती फिरवायचे तेव्हा तळजाईच्या उतारावरची
बादल्या लावून बसलेली घरं जागी व्हायची.
अर्ध्या सहकारनगरला पाणी सोडणारा माणूस
आणि घरात, बंद दाराआड, पाऊण तास.
आम्ही हसायचो. त्यांना ते आवडायचं नाही.
रात्री दोन चमचे, कोमट पाणी, उभ्यानंच.
"फुगायच्या आत प्यायचं असतं," दर रात्री सांगायचे,
जसं मी उद्या परीक्षेला बसणार आहे.

डब्याच्या झाकणावर बॉलपेननं तारीख,
फोडल्याची. अकरा फेब्रुवारी.
सव्वीसला ते गेले.
डबा जवळजवळ भरलेलाच.
छापील मुदत बघितली, आहे अजून.

पाव चमचा. तेवढंसं ते, भुस्कट,
फुंकर मारली तर उडून जाईल.
कोंबडीच्या बिनमिठाच्या पाण्यात कालवलं, थांबले,
बुळबुळीत झालं. खाल्लं तिनं.
दुसऱ्या दिवशी खाल्लं. तिसऱ्या दिवशी नाही.
चौथ्या दिवशी खाल्लं, आणि वाटीतलं पाणीही चाटलं,
मी बघत नाही असं बघून.

मग एका पहाटे वाळूचा आवाज.
खरवड, खरवड, थांबणं, परत खरवड.
दिवा लावला. चार वाजून दहा मिनिटं.
पाटीत दोन, शेंगेएवढ्या, मऊसर.
सटवी शेपूट ताठ करून घरभर धावली,
सोफ्यावरून, टीव्हीच्या मागून, माझ्या पायांतून.
मी पाटी हातात घेऊन उभी.
कुणाला तरी सांगावं असं वाटलं.
इतक्या पहाटे जागं असणारं माणूस
मला एकच माहीत होतं.

सकाळी हिशेब केला: पाव चमच्यानं
डबा दोन वर्षं जाईल. मुदत त्याआधी संपेल.
बघू.
चमचा ग्लासातल्या पाण्यात विसळला,
तळाशी चार कण तरंगले,
आणि ते फुगायच्या आत
मी उभ्यानंच पिऊन टाकलं.