तीनशे बारा, तपकिरी

चरईत, पिठाच्या गिरणीला लागून
दहा बाय बाराचं दुकान माझं: श्रवणयंत्रं, दुरुस्ती, सेल.
शटर गुडघ्यापर्यंत उघडं.
आठ ते अकरा, तेवढीच मुभा.

हवालदार काठी टेकवून विचारतो,
हे अत्यावश्यक आहे का?
मी म्हणतो, साहेब, तुमचे ओठ आत्ता मास्कमागे आहेत.
ते कुणाच्या तरी कानाचं अर्धं काम करायचे.
तो काही बोलत नाही. जातो.
दुसऱ्या दिवशी येतो,
खिशात रुमालात गुंडाळलेली
आईच्या यंत्राची तडकलेली नळी.

वहीत गिऱ्हाइकांपुढे रंग लिहिलेत.
दहा नंबर पिवळा, तेरा नारिंगी,
सहाशे पंचाहत्तर निळा, तो बाळकुमच्या पदूबाई भोईरांचा.
त्यांचा लेक सांगतो, आई म्हणते
सगळे रुसलेत माझ्यावर,
नुसते डोळे दाखवतात.

भिवंडीच्या गोदामाला कुलूप.
मी पाकिटं फोडून दोन-दोन सेल वाटतो,
रेशनवर साखर वाटावी तसे,
आणि वर ताकीद देतो: रात्री काढून ठेवा,
टीव्हीवरचे आकडे ऐकायला खर्चू नका.

धंदाच असा, की ज्याला गरज
त्याला फोन ऐकू येत नाही.
मग निशिगंधा, माझ्याकडे कामाला असलेली,
जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर
हातभर अक्षरांत लिहिते,
आणि सील केलेल्या इमारतीखाली फलक धरून उभी राहते:
लाल खूण उजवा कान.
झाकण नीट लावा.
जेवलात का?
(हे शेवटचं मी सांगितलेलं नव्हतं.)

गुप्तेकाकूंनी मास्क काढला, दोरीबरोबर यंत्रही उडालं.
सापडलं कोथिंबिरीच्या जुडीत.
काकूंनी जुडी धुतली, यंत्रही धुतलं,
साबणाने, वीस सेकंद, सांगितलंय तसं.
तीन दिवस तांदळाच्या डब्यात ठेवलं मी ते.
चौथ्या दिवशी शिट्टी मारत उठलं.
पैसे घेतले नाहीत. तांदूळ मात्र परत
डब्यात टाकायला बायकोने नकार दिला.

आणि मग डिमेलो सर.
उथळसरला चाळीस वर्षं गणित शिकवलेलं.
सूनबाईंचा फोन, रात्री साडेनऊला:
वॉर्डात म्हणतात, पेशंट गोंधळलेत,
नाव विचारलं तरी सांगत नाहीत.
मी विचारलं, सेल कधी बदलला होता?
पलीकडे शांतता. मग हुंदका.

शटर उघडलं. शेवटचं अख्खं पान, सहा सेल, तपकिरी.
चिठ्ठी लिहिली, हात कापत होता म्हणून दोनदा:
पेशंट गोंधळलेले नाहीत.
त्यांना ऐकू येत नाही.
पट्टी काढा. लगेच बसवू नका.
एक मिनिट थांबा,
हवा लागू द्या, मग सेल जागा होतो.

अँब्युलन्सवाल्या तौसीफच्या हातात दिलं
आणि तिथेच पायरीवर बसलो.
पंचवीस वर्षं मी हे वाक्य
दिवसातून दहादा बोललोय,
हवा लागू द्या, हवा लागू द्या,
सगळं शहर खिडक्या लावून बसलेलं असताना
पहिल्यांदा मला ते ऐकू आलं.

पहाटे अनोळखी नंबर. नर्सने फोन धरला होता.
सर म्हणाले, आवाज फार मोठा आहे रे,
इथे सगळे रात्रभर खोकतात.
सर, सेलचं दार जरासं उघडून ठेवा,
म्हणजे बंद होईल.
बराच वेळ नुसतं यंत्राचं घुं घुं.
मग म्हणाले, नको. राहू दे.
शेजारचा मुलगा हाका मारतो मधूनच.
त्याला ओ देणारं कुणीतरी हवं.

वहीत लिहिलं:
डिमेलो सर, तीनशे बारा, सहा नग. उधार.