वेटिंग रूममधला दातवाला

शुक्रवारी क्लिनिक बंद असतं, तरी मी येते.
हत्यारं उकळायची असतात, डस्टबिनच्या पिशव्या बदलायच्या असतात.
शारजा, रोला, दुसरा मजला, खाली मोबाईलवाला.

सोफ्याच्या वर एक चित्र आहे.
डॉक्टर सुहैरनी सेलमध्ये घेतलं, फ्रेमसकट साठ दिरहम.
कुठल्याशा युरोपी गावातला चौक,
अडीचशे वर्षांमागचा असेल,
फळ्यांच्या मंचावर एक दात उपटणारा:
गुलाबी रेशमी कोट, पीठ सांडल्यासारखा केसांचा टोप,
गळ्यात दातांची माळ.
मुखवट्याची बाई पंख्याआडून बघतेय,
माकड बाटलीचं बूच चावतंय,
एक पोरगं कुणाच्या तरी खिशात हात घालतंय,
आणि तो हात चितारणाऱ्यानं फार मायेनं काढलाय.
सगळं साखरेत घोळवलेलं.
रक्तसुद्धा गुलकंदासारखं.

खिडकीशी गेलं की दुसरा चौक.
हकीम बशारत, मुलतानचा,
पुठ्ठ्यावर मखमल, मखमलीवर दात,
एक पक्कड, तीन बाटल्या,
आणि त्याचा स्वतःचाच तरुणपणीचा फोटो, लॅमिनेट केलेला.
इस्त्रीचे शर्ट घातलेली माणसं गोल करून उभी,
साइटवर सहा दिवस सिमेंट, आज अत्तर.
‘हिलता है? पाँच दिरहम. नहीं हिलता? दस.’
एकजण बायकोला व्हिडिओ कॉलवर तोंड उघडून दाखवतोय,
ती तिकडे सिल्हेटमध्ये कपाळाला हात लावते.
बलदियाची गाडी वळणावर दिसली
की मखमल, दात, माणसं, सगळं एका घडीत गुंडाळलं जातं.
उरतो पुठ्ठा.

दात कोरून पोट भरत नाही,
श्रीवर्धनला खाला म्हणायची.
आमचं भरतं, खाला.
दात कोरायचे दीडशे दिरहम, पॉलिश वेगळं.

ऑगस्टातली गोष्ट. रात्रीचे साडेनऊ,
डॉक्टर घरी गेलेल्या, मी दिवे मालवत होते.
दारात हकीम.
डावा गाल पावासारखा फुगलेला,
डोक्याला रुमाल बांधून, पोरासारखा.
मी म्हटलं, तुमचं मंजन?
तो हसायला गेला, अर्ध्यातच थांबला.

चित्राखालीच बसला.
मग मान वळवून बघत राहिला, बराच वेळ,
गाल हातात धरून.
‘पकड उलटी धरलीये याने,’ म्हणाला. ‘जड अंदर रह जाएगी.’
आणि मग: ‘ये मरीज़ किसका बेटा है?’

चार वर्षं मी ही काच पुसतेय.
त्या रात्री पहिल्यांदा दिसलं
की चित्रातलं कुणीच त्याच्याकडे बघत नाहीये,
ना बाई, ना माकड, ना दातवाला.
तो खुर्चीत, मान मागे,
आणि एका पायातला जोडा निघून पडलाय.

मी सांगितलं, आत पू झालाय, एक्स-रे लागेल, गोळ्या लागतील.
कार्ड?
त्यानं खिसे उलटे करून दाखवले,
त्यातून दोन दात पडले, आणि शेंगदाणे.
मी कापसावर लवंगाचं तेल घेतलं.
वासानंच ओळखलं त्यानं:
‘ये तो मेरे वाला ही है, बेटी.’
तेच होतं.
आमच्या बाटलीवर फक्त लेबल सरळ चिकटवलेलं असतं.

जाताना काउंटरवर पाच दिरहम ठेवून गेला.
मी नको म्हटलं. तो म्हणाला, भाव मोडायचा नसतो.

पुढच्या शुक्रवारी खाली होता, रुमालासकट,
ओरडत होता नेहमीसारखा.
खिडकीत मी दिसले असणार. त्यानं वर बघितलं नाही.
धंद्याच्या वेळी बघू नये, मलाही कळतं.

सोफ्यामागच्या भिंतीवर, फ्रेमच्या जरा खाली,
डोकं टेकलं होतं तिथं तेलाचा डाग पडलाय.
डॉक्टरांनी विचारलं, इथं कोण बसलं होतं?
पेशंट, म्हटलं मी,
आणि फिनाइलची बाटली परत कपाटात ठेवली.