चल सांगितला नाही

मे महिना, दुपारचे अडीच.
हिंगणा रोडच्या कॉलेजात, दुसऱ्या मजल्यावर
लॅबमधला एकच कूलर चालू आहे,
म्हणून गणितही त्याच्यावरच मांडलं.
x म्हणजे वाळ्याच्या ताटीची रुंदी, फुटांत.
t म्हणजे सकाळी साडेआठपासूनचे तास.
पाणी उडायचा दर: x गुणिले t.
ढोबळ आहे. सुट्टीतल्या बॅचला एवढं पुरे.

रुपेश तेंभुर्णे संकलनाची आज्ञा टाइप करतो,
कंस बंद. एंटर.
पापणी लवायच्या आत उत्तर:
t, x चा वर्ग, भागिले दोन.
ताटी तीन फुटांची, तास सहा,
सत्तावीस लिटर.

दारात धनराजभाऊ, हातात रिकामी बादली.
"सत्तावीस? तीन बादल्या ओतल्या म्या.
अठरा-अठराच्या."

"मॅडम, हे त खोटं बोलून राहिलं."

खोटं नाही रे.
त्यानं घड्याळ सहावर थांबवून धरलं
आणि ताटी रुंद करत नेली
शून्यापासून तीन फुटांपर्यंत,
एकेका काडीनं.
तेही संकलनच. फक्त असा कूलर
सीताबर्डीत कुणी विकत नाही.
तुझ्या कंसात चल नव्हता.
सांगितलं नाही की ते x धरतं, सवयीनं,
आणि धरलं हेही सांगत नाही.
दुसरं एक आहे, ते अडून बसतं,
लाल अक्षरांत विचारतं: कशाच्या सापेक्ष?
पोरांना त्याचा राग येतो.
मला ते अडणारं आवडतं.

काल रात्री रायपूरहून भावाचा फोन होता.
"सगळं मिळून काय झालं गं तुझं, इतक्या वर्षांत?"
मी पगार सांगितला.
त्रिमूर्तीनगरच्या फ्लॅटचे उरलेले हप्ते सांगितले.
तो बरं म्हणाला. फोन ठेवल्यावरही
मी बराच वेळ गच्चीवर उभी,
फरशी अजून तापलेली, चप्पल आत राहिलेली.
त्यानं चल सांगितला नव्हता.
मीही विचारला नाही.

रुपेश परत कंसात शिरतो,
एक स्वल्पविराम देतो, पुढे t लिहितो.
आता वर्ग t च्या डोक्यावर,
आणि x नुसता उभा, तीन फुटांचा,
सकाळपासून होता तसाच.
चोपन्न.
"जमलं बे!" मागच्या बाकावरून कुणीतरी.
धनराजभाऊ हसत नाहीत.
हा आकडा त्यांच्या खांद्याला आधीच माहीत होता.

मी वहीत उत्तराच्या शेवटी
पेन्सिलीनं अधिक C लिहिते.
सॉफ्टवेअर ते लिहीत नाही,
विसरतं की टाळतं, कोण जाणे.
म्हणजे टाकीत आधीचं होतं ते,
कालचं, परवाचं, तळाशी शेवाळ धरलेलं.

"धनराजभाऊ, सकाळी टाकी रिकामी होती का हो?"

"कोन पाह्यलं, मॅडम?"