तेरावं नाव

सातपूरच्या आमच्या शाळेत खो-खोची ढाल आली.
कपाटाची किल्ली सापडेना,
म्हणून दिवसभर माझ्या हजेरीपटावरच बसून होती.

परिपाठाला मी नावं वाचली, बारा.
टाळ्या झाल्या.
मागून तेजल निरभवणे म्हणाली,
"बाई, एक राहिलं."

कोण गं?

"धोंडूमामा. कारखान्याचा भोंगा व्हायच्या आत
फक्की मारून ठेवायचे.
रेघ सरळ, म्हणून तर पाय सरळ पडले आमचे."

मामा घंटेपाशी. बोटं अजून पांढरी.
आधी मागे वळून पाहिलं त्यांनी,
दुसरं कुणी उभं आहे का.

वीस वर्षं लाल शाईनं
मी फक्त चुका शोधल्या.
आज त्याच पेनानं तेरावं नाव लिहिलं.
घाईत धोंडूचा उकार ऱ्हस्व पडला.

राहू दिला.