कधी

नगाऱ्यावर पहिली टिपरी पडते तेव्हा
पेजेला अजून कढ आलेला नसतो.
आम्ही तोंडावर पाणी मारतो,
डाव्या दंडाला पांढरी चिंधी बांधतो.
पल्याडचे काळी बांधतात.
एवढाच फरक. निशाण एक, देव एक,
थोरल्या धन्याचे लेक दोन,
आणि मधे खाडी, हाक पोचेल एवढी रुंद.

दिवस तसे साधे.
दारू उन्हात वाळवायची, सावली आली की उचलायची.
नळ्यांना उंडीचं तेल.
तिसरी तोफ उडत नाही, तिच्यात आम्ही सुकट ठेवतो,
तिथं मांजर पोचत नाही.
दाऊद गोलंदाज तांदळातले सोंडे वेचून
करवंटीत जमवतो, म्हणतो,
यांना पण हजेरीत घ्या सबनीस, रोज येतात.

रात्रीचा पहारा दोघांचा. झिलू तांडेल आणि मी.

त्या रात्री मी बुरुजाला पाठ लावली होती.
डोळा लागला होता की नव्हता
हे मी मला अजून नीट सांगितलेलं नाही.
खालून वल्ह्याचा आवाज, एकाच वल्ह्याचा,
आणि दबकी हाक:
"झिलू रे, आवस गेली."
झिलूनं वाकून विचारलं, "कधी?"
उत्तर आलं ते लाटेनं खाल्लं.
होडी वळली.
बंदूक तशीच भिंतीला टेकलेली.

सकाळी तो मालू न्हाव्यापुढे बसला.
मिशी उतरव म्हणाला, डोकं पण.
न्हाव्यानं आधी वस्तरा चालवला, मग विचारलं, कोण गेलं?
खाडी बंद होऊन दोन महिने,
ना माणूस येत होतं ना चिठी.
ही बातमी कुठल्या दारानं आत आली
असं दुपारपर्यंत सगळा किल्ला विचारत होता.

सदरेवर घोंगडं अंथरलं.
केसोपंत सबनिसांनी बोरू नखावर टोचून पाहिला.
शत्रूशी बोललास?
भावाशी बोललो.
भाऊ कुठल्या चिंधीचा?
काळ्या.

मग मला पुढे घेतलं. काय ऐकलंस?
सगळं ऐकलं म्हणावं, तर बंदूक का नाही झाडलीस.
काहीच नाही म्हणावं, तर झोपला होतास,
आणि पहाऱ्यावर झोपणाऱ्याचं काय होतं
ते मागल्या अवसेला रांगेत उभं राहून पाहिलं होतं.
मी म्हटलं, एकच शब्द ऐकला.
कधी.

सबनिसांनी तो लिहिला, वर वाळू टाकली.
हवालदार रुमाजीराव त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले.
कधी. म्हणजे हल्ला कधी. दरवाजा उघडू कधी.
झिलू माझ्याकडे बघत होता, रागानं नाही,
पाढ्यात अडलेल्या पोराकडे
शेजारचं पोर बघतं ना, तसा.
"आधीचं सांग," एवढंच म्हणाला.

कड्यावर नेण्याआधी त्याला आंघोळीला पाणी दिलं,
सुतकात होता म्हणून.
नियमात बसतं ते सगळं केलं.
संध्याकाळी त्याच्या वाटणीचे तांदूळ आमच्यात वाटले.
मला पसाभर आले.
सोंडे मी वेचले नाहीत.

श्रावणात दोघे धनी एका ताटात जेवले म्हणे.
चिंध्या सोडा, असा हुकूम आला.
दंडावर गोरा पट्टा राहिला होता,
तो आठ दिवसांत उन्हानं भरून काढला.
झिलूच्या कागदाच्या पाठीवर
सबनिसांनी मिठाचा हिशोब मांडला.

आता पहाऱ्याला माझ्यासोबत रवळू असतो. त्याचा भाऊ.
कमी बोलतो. तंबाखू मळून अर्धी मला देतो.
काल पहाटे म्हणाला,
मी सांगितलं होतं, बुधवारी, भरती लागताना.
ऐकू गेलं असेल का त्याला?
तू होतास ना तिथं.

खालून एक होडी जात होती, दोन वल्ह्यांची.
मी बंदूक उचलली, परत ठेवली.

झोपलो होतो, म्हटलं.